अँड्रॉइड सोडून आयफोन घ्यावा का?

प्रश्न: मी वडोदऱ्यात दांडिया बाजार परिसरात राहतो. घरात मराठी आणि गिऱ्हाइकांशी गुजराती असा माझा रोजचा पत्रव्यवहार व्हॉट्सअ‍ॅपवरच चालतो. अँड्रॉइड सोडून आयफोन घेतल्यास जुने संदेश आणि दोन्ही कळफलक टिकतील का?

उत्तर १: मराठी व गुजराती कळफलक आयफोनमध्ये आहेत, ती काळजी नको. संदेशांबाबत मात्र सावध राहावे, कारण गूगल ड्राइव्हवरील बॅकअप आयफोनवर उघडत नाही. नवा फोन प्रथम सुरू करतानाच ‘मूव्ह टू आयओएस’ अ‍ॅपने ते हलवावे लागतात. ही पायरी चुकल्यास नव्या फोनमधील सर्व माहिती पुसून पुन्हा आरंभ करावा लागतो. दुकानदार उत्साहाने फोन चालू करून देतात, त्यांना आधीच थांबवावे.

उत्तर २: यूपीआयची नोंदणी नव्याने होते आणि त्यासाठी बँकेशी जोडलेल्या सिममधूनच एसएमएस जातो, म्हणून ते सिम नव्या फोनमध्ये घातल्याशिवाय जुना फोन विकू नये. प्ले स्टोअरवर विकत घेतलेली अ‍ॅप मात्र सोबत येत नाहीत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. दिवाळीच्या गर्दीनंतरच बदल करीन.