बी विंगच्या पार्किंगमधली 'बसलेली' गाडी

सुषमाताई (सेक्रेटरी): निखिल, तुझी गाडी सकाळी पुढून डाव्या बाजूला पार खाली बसलेली होती. सिक्युरिटी पंक्चर म्हणतोय, पण टायर तर ठीक दिसला. शिवाय रात्री बंद गाडीतून घर्रघर्र येतं अशी १०२ ची तक्रार आहे.

निखिल (बी-७०३): सॉरी ताई. एअर सस्पेन्शन गेलंय, म्हणजे स्प्रिंगऐवजी गाडी पेलणारे हवेचे रबरी बलून. २०१२ ची गाडी, सेकंडहँड घेतलेली. चालू केली की हळूहळू वर येते, पण आता पिवळा दिवाही लागतोय. वर्कशॉपवाले कंप्रेसर, म्हणजे बलूनमध्ये हवा भरणारा पंप, बदला म्हणतात. कोटेशन बघून आई विचारतेय, एवढ्यात नवी स्कूटर नाही का येणार?

सावंत (सी-३०४): येईल की. वर हेल्मेट फ्री.

देशपांडे काका (ए-२०१): निखिल, थांब. ऑर्डर देऊ नकोस. गाडी वर येतेय ना? मग कंप्रेसर अजून जिवंत आहे. हवा जाते कुठून ते आधी शोध.

निखिल: पण काका, ते म्हणाले कंप्रेसर वीक झालाय.

देशपांडे काका: झाला असेल, पण कशाने? एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेला माझा. शिवनेरीच्या व्होल्वोलाही बलूनच असतात, पण तिथला कंप्रेसर इंजिनावर चालतो, ब्रेकला हवाही तोच देतो. दिवसभर फिरला तरी त्याला काही होत नाही. तुझा बॅटरीवरचा, छोटा. थोडा वेळ चालायचं आणि थांबायचं, एवढाच त्याचा जीव. गळती असली की तो पळतच राहतो, तापतो, रिंग झिजते. जुन्या बलूनवर नवा कंप्रेसर बसवलास तर तोही त्याच वाटेने जाणार.

ओंकार (डी-१०१): त्यापेक्षा साध्या स्प्रिंग टाक ना. किट मिळतात. कटकटच मिटली.

देशपांडे काका: मिटते, पण उंची एकच राहते. मागे पाच जण आणि सामान घेऊन कोकणात उतरलात की कळेल. पिवळा दिवा घालवायला गाडीच्या कॉम्प्युटरचं कोडिंग वेगळं. माझ्या मते तो शेवटचा उपाय.

ॲड. जाधव (ए-६०४): मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ सुद्धा बघा. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सस्पेन्शन त्यात येतं की नाही यावर वाद घालता येईल, पण अपघातानंतर क्लेमच्या वेळी तो घालत बसायचा का? विमा कंपनीकडून आधी लेखी घ्या.

निखिल: गळती शोधायची कशी?

देशपांडे काका: गाडी पूर्ण वर येऊ दे. स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी कर. चाक वळवून बलूनच्या घडीवर मार, रबर तिथेच चिरतं. मग पाइपचे जोड, आणि बलूनना हवा वाटणारा व्हॉल्व्ह ब्लॉक. बाहेरूनच मार, हात किंवा डोकं आत घालू नकोस! हवेवर उभी गाडी कधी बसेल सांगता येत नाही. खाली जायचंच तर जॅक मोड (गाडीचं आपोआप वर-खाली होणं बंद करणारा) आणि पक्के स्टँड. सुषमाताई, पोरांचा बॉल त्या गाडीखाली गेला तर काठीने काढायला सांगा.

सुषमाताई: सांगते. आणि रात्रीचा आवाज?

देशपांडे काका: काही मॉडेल बंद असतानाही अधूनमधून जागी होऊन लेव्हल, म्हणजे गाडीची उंची, तपासतात; आवाज त्याचाच असेल. काही तर बसलेल्या कोपऱ्याला जुळवून बाकीचे तीनही खाली आणतात. मग चारही बलून गेले असं वाटतं, गळका असतो एकच.

निखिल: काका, सापडलं! डाव्या बलूनच्या खालच्या घडीला बारीक बुडबुडे, थांबतच नाहीत. फोटो टाकलाय. बाकी सगळं कोरडं.

देशपांडे काका: शाब्बास. पुढचे दोन्ही बदल, उजवाही त्याच वयाचा आहे. भंगारातले घेऊ नकोस. सोबत कंप्रेसरचा रिले, म्हणजे त्याचा विजेचा स्विच, नवा टाक, तो चिकटला तर कंप्रेसर थांबतच नाही. हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरचे दाणेही बघायला सांग. ते ओलावा धरेनासे झाले की पाणी व्हॉल्व्हमध्ये जातं. एवढं करून कंप्रेसरचं प्रेशर मोजायला लाव, मग ठरव. तोवर बसलेली गाडी हलवू नकोस, पूर्ण वर आली की मगच रॅम्प.

निखिल: ओके काका. ताई, पार्ट येईपर्यंत व्हिजिटर पार्किंगच्या टोकाला लावू का? तिथे आवाजाचा त्रास नाही.

सुषमाताई: लाव. शनिवारी संध्याकाळी मात्र रिकामं हवं, २०३ कडे सत्यनारायण आहे.

सावंत: शनिवारी उठली नाही तर प्रसाद तिथेच वाटू.