जाळं हातात देण्याआधी

भटकी कुत्री पकडणाऱ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, की ‘कुत्री पकडायला शिक्षण कशाला, अनुभवाने येतंच’ असं म्हणणारे भेटतात. ते मला अजिबात पटत नाही. चिमट्याने मान आवळून फरफटत नेणं हेसुद्धा लोक अनुभवानेच शिकलेत. गोव्यात मिशन रेबीज या कुत्र्यांना रेबीजची लस देणाऱ्या संस्थेची पथकं कुत्री जाळ्याने पकडतात. जाळ्याचं गोल कडं कुत्र्याभोवती जमिनीवर दाबायचं, जाळीला पीळ द्यायचा, जाळीतूनच लस टोचायची, अंगावर रंगाची खूण करायची आणि तिथेच सोडायचं. सरावलेल्या हातांना फार वेळ लागत नाही.

कुत्री पकडणाऱ्या माणसांच्या लशीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. रेबीजची लस चावल्यावर घेतात तशी चावण्याआधीही घेता येते, आणि या कामाला ती हवीच. आमच्याकडच्या कुत्री पकडायच्या गाडीवरच्या पोरांना विचारलं, तर एकालाही दिलेली नव्हती. हातमोजेसुद्धा बागकामाचे!