सोनूचा कॉम्प्युटर: यादी उद्या द्यायची आहे

(घरचा ग्रुप. नावं सोनूच्या नात्याने आहेत. मिनूताई काकांची मुलगी, बंटीदादा आत्याचा मुलगा.)

बाबा: तीन दिवसांत चार याद्या आल्या. चारही वेगळ्या. मला उद्या दुपारी दुकानात एकच यादी द्यायची आहे. बजेट पहिल्या दिवशी सांगितलं तेच आहे, त्यात वाढ होणार नाही. कृपया सगळ्यांनी मिळून एक काय ते ठरवा.

मामा: मी सोमवारीच टाकलं होतं. कुणी वाचलं नाही वाटतं. परत टाकतो.
आय ७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, ५०० वॅट एसएमपीएस (सगळ्याला वीज पुरवणारा डबा), लाइटवाला कॅबिनेट. सगळं जोडून तयार. बजेटच्या आत बसतं.

काका: आय ७ म्हणजे चांगलंच की. दादा, घेऊन टाक.

बंटीदादा: एसएमपीएस कुठल्या कंपनीचा ते लिहिलेलं नाही. एसएमपीएस शेवटी ठरवू नका, एवढंच सांगतो.

मिनूताई: मामा, आय ७ च्या पुढचा आकडा काय आहे?

मामा: आय ७ म्हणजे आय ७.

मिनूताई: तसं नसतं मामा. आय ७ हे नाव इंटेलने वर्षानुवर्षं वापरलंय. त्याच्या पुढच्या आकड्यावरून पिढी कळते. फोटो असेल तर टाका ना.

मामा: (फोटो)

मिनूताई: आय ७-२६००. हा २०११ चा आहे. चार कोअर, आठ थ्रेड, डीडीआर३ रॅम. तेव्हा फार चांगला होता. पण २०२२ चा आय ५-१२४००एफ त्याच्या कितीतरी पुढे आहे, सहा कोअर आणि बारा थ्रेड. आय ५ म्हणजे आय ७ पेक्षा कमी, हे फक्त एकाच पिढीत खरं.

मिनूताई: शिवाय २६०० वर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच त्या यादीत आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

सोनू: ताई, व्हॅलोरंट गेमला विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू लागतात. माझ्या मित्राचा त्यावरच अडकला होता.

आजोबा: अभ्यासाला एवढा कॉम्प्युटर कशाला लागतो?

आई: आजोबा, अभ्यासालाही वापरणार आहे तो.

मामा: बरं, प्रोसेसरचं राहू दे. ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे त्यात. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

मिनूताई: तेही फोटोत दिसतंय. जीटी ७३०, २०१४ चं. मेमरी ४ जीबी आहे, पण डीडीआर३, म्हणजे संथ. गोदाम मोठं बांधलं आणि माल उचलायला हमाल एकच ठेवला, तसं आहे ते. नुसत्या जीबीवरून कार्ड ओळखायचं नाही. सगळे इथेच फसतात आणि विकणारे मुद्दाम तोच आकडा मोठा लिहितात.

मामा: म्हणजे मी फसलो असं म्हणायचंय का तुला?

मिनूताई: तसं नाही मामा, लिहिणाऱ्याबद्दल बोलतेय.

आई: मिनू, तो मदतच करतोय गं. भाऊ, तू मनावर घेऊ नकोस.

आत्या: मदत मागच्या वेळीही झाली होती.

बंटीदादा: आई, राहू दे.

आत्या: का राहू दे? कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस चालेल, असं कुणी सांगितलं होतं? मदरबोर्ड गेला तेव्हा खर्च कुणी केला?

मामा: ताई, त्या वेळी बजेट तुम्हीच कमी केलं होतं. मी दुसरा सुचवला होता.

आत्या: मला कुणी काही सुचवलेलं आठवत नाही.

बाबा: हा ग्रुप सोनूच्या कॉम्प्युटरसाठी आहे, त्या जुन्या विषयासाठी मुळीच नाही. कृपया यादी.

काकू: सोनूच्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या फोनमधले फोटो टाकता येतील का? फोन सारखा भरला म्हणतो.

बंटीदादा: पुन्हा टाकतोय, कारण वर वाहून गेलं. एसएमपीएस शेवटी ठरवू नका. माझ्या एसएमपीएसवर ५०० वॅट लिहिलं होतं. जळल्यावर मी लेबल नीट वाचलं. +१२ व्होल्टखाली १८ अँपिअर. १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. बाकीचे वॅट फक्त बेरजेला होते. जड गेम लावला की मशीन फटकन बंद व्हायचं आणि मी महिनाभर विंडोजला दोष देत बसलो. आधी समजलं असतं तर बोर्ड वाचला असता.

काका: हे मला माहीत नव्हतं. लेबल बाहेरूनच वाचता येतं का?

बंटीदादा: हो, एका बाजूला छापलेलं असतं. तक्ता असतो.

मामा: मग ८० प्लसवाला घ्या म्हणजे झालं.

मिनूताई: ८० प्लस चांगलंच, पण ते वीज किती वाया जात नाही त्याचं प्रमाणपत्र आहे. आतले भाग टिकाऊ आहेत का, जास्त भार आला की तो स्वतःहून बंद होतो का, हे त्यावरून कळत नाही. नामांकित कंपनीचा, चाचण्या झालेला मॉडेल आणि ५५० वॅट. आपल्या कामाला पुरे.

मिनूताई: सोनू, आता तू सांग. मॉनिटर कुठला आहे? हे कुणीच विचारलं नाही आणि खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती.

सोनू: बाबांचा ऑफिसचा जुना. १९२० बाय १०८०. ६० हर्ट्झ.

मिनूताई: आणि खेळतोस काय?

सोनू: जास्त व्हॅलोरंट. सुट्टीत मोठे, गोष्टवाले गेम. आत्ता ते उघडतच नाहीत.

मिनूताई: मग १०८० साठीच बांधायचं. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रंच दाखवणार, कार्डने दोनशे काढली तरी. महागडं कार्ड घेऊन या मॉनिटरवर लावलं तर बाबांचे पैसे डोळ्यांपर्यंत पोहोचणारच नाहीत. मधलं कार्ड घे, मॉनिटर पुढच्या वर्षी १४४ हर्ट्झचा घे.

बाबा: पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू.

मिनूताई: हो काका. माझी यादी अशी:
रायझन ५ ५६०० प्रोसेसर. बी५५० मदरबोर्ड. ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम. रेडिऑन आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी. साठवणीला १ टीबी एनव्हीएमई एसएसडी. ५५० वॅट एसएमपीएस. समोर जाळी असलेला साधा कॅबिनेट. प्रोसेसरबरोबर पंखा येतो, वेगळा नको.

काका: दोन रॅम कशाला? एकच १६ ची घेतली तर पुढे वाढवायला जागा राहील.

मिनूताई: बाबा, एका रॅमने प्रोसेसरला एकच वाट मिळते, दोनने दोन. तेवढीच मेमरी, पण ये-जा दुप्पट रुंद. गेममध्ये मध्येच झटका बसतो तो पुष्कळदा यामुळे. बोर्डावर चार खाचा असतील तर पुढे वाढवायलाही जागा राहते.

मामा: यात एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्ड का नाही? सगळे आरटीएक्सच घेतात. आरटीएक्स ३०५० बघा.

मिनूताई: ३०५० वाईट नाही. पण साध्या चित्रणात, म्हणजे सोनू जे खेळणार त्यातल्या बहुतेक गेममध्ये ६६०० चांगलंच पुढे आहे. व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडीचं काम करायचं असतं तर मी एनव्हिडियाचा विचार केला असता. आरटीएक्स ४०६० बसलं तर उत्तम, पण ते बसवायला एसएमपीएस किंवा एसएसडी कापावी लागेल. ते मी करणार नाही.

बंटीदादा: एसएमपीएस कापायचा नाही.

काका: बंटी, कळलं रे बाबा. आता हे वाक्य ग्रुपच्या फोटोवरच लिहून टाकू या.

बंटीदादा: हसा. माझा जळलाय.

मामा: माझ्या मित्राकडे वापरलेलं कार्ड आहे. याच्याहून मोठं. तो मला नाही म्हणणार नाही.

मिनूताई: मामा, ओळखीतलं असेल तर बघायला हरकत नाही. पण आपल्यासमोर तासभर जड गेम चालवून बघायचं, तापमान बघायचं, पंख्याचा आवाज ऐकायचा आणि वॉरंटी उरली आहे का ते विचारायचं. मोठं कार्ड म्हणजे एसएमपीएसही मोठा लागेल, म्हणजे वाचलेले पैसे तिकडे जातील. सोनूचं हे पहिलंच मशीन आहे. कार्ड नवीन असावं असं मला वाटतं.

मामा: ठीक आहे. माझं कुणाला पटत नाही आहेच.

आई: भाऊ, असं बोलू नकोस. जोडायला तूच लागणार आहेस.

काका: मिनू, एक विचारतो. प्रोसेसर ज्यात बसतो तो हा एएम४ की काय तो सॉकेट जुना झाला ना? २०१६ पासूनचा आहे म्हणे. एएम५ घेतलं तर पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल.

मिनूताई: बरोबर आहे बाबा. एएम५ २०२२ ला आला, त्याला पुढे वाट आहे. पण त्याला डीडीआर५ च लागते, बोर्डही महाग. तो फरक आपण ग्राफिक्स कार्डातून काढणार आणि सोनूला आज मिळणारी चित्रं कमी होणार. बजेट मोकळं असतं तर मीही एएम५ म्हटलं असतं. इथे नाही. आणि कुणी घरातली जुनी डीडीआर५ देऊ करेल तर घेऊ नका, डीडीआर४ च्या बोर्डात ती बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते.

आजोबा: यातून निघणारी उष्णता किती? सोनूची खोली लहान आहे.

मिनूताई: आजोबा, चांगला प्रश्न. कार्ड खेळताना साधारण १३० वॅट घेतं, प्रोसेसर त्याहून कमी. म्हणूनच समोर जाळीचा कॅबिनेट म्हणतेय. मामांच्या यादीतला समोरून काचेने बंद आहे, हवा आत येणार कुठून?

मामा: लाइट छान दिसतात त्यात.

सोनू: मामा, मलाही आवडले होते लाइट. पण जाळीवाला चालेल.

काकू: माझ्या फोटोंचं कुणी सांगितलं नाही.

सोनू: काकू, १ टीबी आहे, तुमचे सगळे बसतील. मी टाकून देईन. पण एक प्रत दुसरीकडेही ठेवू, एकाच ठिकाणी ठेवायचे नाहीत.

काकू: गुणी बाळ माझं.

बाबा: मिनूची यादी फायनल. ५५० वॅट, नामांकित कंपनीचा एसएमपीएस, बंटीने मॉडेल मला रात्री कळवावा. जोडायला मामा. यावर आता चर्चा नको.

आत्या: जोडणार मामाच?

बाबा: हो.

(रविवार)

सोनू: जोडून झालं. सगळे पंखे फिरतात. पण स्क्रीन काळीच आहे.

बाबा: मी म्हटलं होतं की तयार मशीन घ्या. आता दुकान बंद आहे.

आत्या: मी काही बोलत नाही.

बंटीदादा: रॅम काढून परत घट्ट बसव. टक् असा आवाज आला पाहिजे, दोन्ही बाजूंनी.

सोनू: बसवली. तेच.

मामा: मी घरी पोचलोय, नाहीतर तिथेच असतो. सोनू, मॉनिटरची केबल कुठे लावलीस? मागे वर, माउसच्या शेजारी, की खाली आडव्या पट्टीत?

सोनू: वर.

मामा: तो बोर्डाचा पोर्ट आहे. तुझ्या ५६०० मध्ये आतलं ग्राफिक्स नाही, तिथून चित्र येणारच नाही. खाली कार्डाला लाव.

सोनू: आलं!!

आई: आलं का? मलाही इथे घाम फुटला होता.

मिनूताई: वा मामा. माझ्या लक्षातच आलं नसतं इतक्या पटकन.

मामा: एवढी वर्षं जोडतोय मी. सोनू, आता बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये जा आणि रॅमचा वेग किती दाखवतोय ते सांग.

सोनू: २१३३.

मामा: ३२०० ची रॅम घेतलीय आपण. एक्सएमपी नाव दिसेल, काही बोर्डांवर डीओसीपी म्हणतात. ते चालू कर, सेव्ह करून बाहेर ये. न केलंस तर वर्षभर तसंच चालेल आणि कुणाला कळणारही नाही.

सोनू: ३२०० दाखवतंय.

आत्या: मामा, बंटीच्या मशीनमध्येही हे बघायचं राहिलं असेल का?

मामा: असू शकेल ताई. बंटी, तुझाही आकडा पाठव. आणि सोनू, एसएमपीएसच्या लेबलचा फोटो काढून इथे टाक. बंटीला बघू दे.

सोनू: (फोटो)

बंटीदादा: +१२ व्होल्टला ४५ अँपिअर. ४५ गुणिले १२, ५४०. ठीक आहे.