मदत हवी आहे : ट्रॅक्टर रेस घेतो पण ओढत नाही, गिअरबॉक्स खोलू का?

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ. ४५ एचपीचा डबल क्लचवाला ट्रॅक्टर आहे, नऊ वर्षं झाली. परवा कापसाची ट्रॉली जिनिंगला नेताना नाल्याच्या चढावर, तिसऱ्या हाय (वेगाच्या) गिअरमध्ये, इंजिन नुसतं बोंबलत राहिलं अन् ट्रॅक्टर जागचा हलेना. जळका वासही आला. पहिला लो (हळू चालीचा) गिअर टाकला तर तोच चढ, तीच ट्रॉली, गुमान चढला. रोटाव्हेटरही झकास चालतो.

मिस्त्री म्हणतो, "गिअर गेले, बॉक्स खोला लागते." खर्च ऐकून मी अर्धा चहा टाकून उठलो. गिअर गेले असते तर लोमध्ये चढला कसा? खडखड नाही, गिअर सुटत नाही, तेलात लोखंडाचा चुरा नाही. इंजिनापासून चाकापर्यंत जोर कुठे अडतो, हे न खोलता कळेल का? चण्याची पेरणी तोंडावर आहे हो.

प्रतिसाद :
भाऊ, बॉक्सला हात लावू देऊ नका. फ्लायव्हीलचा (इंजिनाच्या मागच्या जड चाकाचा) जोर क्लच प्लेट नुसत्या घर्षणानं पकडते अन् गिअरबॉक्सला देते. पुढे गिअर अन् मागच्या चाकापर्यंतचे मोठे दाते, म्हणजे क्राउन-पिनियन, बुल गिअर, मिळून फेरे कमी करतात, जोर वाढवतात. पहिल्या लोमध्ये इंजिनाचे १८०० फेरे झाले तर मागचं चाक जेमतेम १०-१२ फिरतं. म्हणजे जोराची वाढ प्लेटच्या पुढे होते. लोमध्ये प्लेटवर ताण कमी, हायमध्ये तीच ओढ प्लेटलाच सोसावी लागते. म्हणून घसरणारी प्लेट आधी हायमध्ये उघडी पडते. रोटाव्हेटरचं म्हणाल तर डबल क्लचमध्ये पीटीओची (रोटाव्हेटर फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टची) प्लेट वेगळी असते, ती शाबूत आहे.

आधी क्लच पेडलची ढील पहा, म्हणजे क्लचवर जोर पडायच्या आधी पेडल किती मोकळं दाबतं ते; साधारण इंचभर हवी. प्लेट झिजली की ढील संपते, क्लच दाबणारं बेअरिंग सतत टेकून राहतं अन् क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. ढील लावून सपाट जागी, समोर कुणी उभं नसताना, ब्रेक करकचून दाबा, हाय गिअर टाका, मध्यम रेसवर क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं तर प्लेट ठीक. नाही पडलं तर लगेच क्लच दाबा. एकदाच करा, उरलीसुरली प्लेट जाळू नका. क्लच हाउसिंगखाली तेल ठिबकतं का तेही पहा.

धागाकर्ता :
ढील शून्य होती, लावली. तरी इंजिन बंद पडलं नाही. खाली काळं इंजिन ऑइल ठिबकत होतं, क्रँकचं मागचं सील गेलेलं दिसते. आता क्लचसाठी ट्रॅक्टर मधून सोडवायचाच (इंजिन अन् गिअरबॉक्स वेगळे करायचेच) आहे तर सील, दोन्ही प्लेटा अन् बेअरिंग एकदमच टाकू ना?

प्रतिसाद :
एकदमच टाका. फ्लायव्हीलवर जळके डाग, चरे असतील तर तेही घासून घ्या. आणि ट्रॅक्टर चालवतं कोण?

धागाकर्ता :
सालदार. आत्ताच विचारलं, चालवताना डावा पाय कुठे ठेवतोस म्हणून. म्हणे, "क्लचवर. नाही त कुठी ठेवू जी?"