सोयाबीनचं बियाणं वाढवण्याआधी पेरणीची तारीख आणि खोली बघा

सोयाबीनच्या या चर्चेत एकांनी लिहिलंय की एकरी बियाणं वाढवलं की उतारा, म्हणजे उत्पादन, वाढतो. पेरणी वेळेवर झाली असेल तर हे पटत नाही. सोयाबीनला मोकळी जागा मिळाली की ते फांद्या फोडतं, थोडी विरळ उगवण त्यातच भरून निघते. दाट पेरलेलं मात्र उंच, लेचंपेचं वाढून लोळतं. उशीर झाला की गणित बदलतं. दिवस लहान होऊ लागले की हे पीक फुलतं, म्हणजे उशिरा पेरलेलं झाड बुटकं असतानाच फुलोऱ्यात येतं. खोडावरची पेरं (गाठी) कमी, म्हणून शेंगा कमी. तिथे ओळी जवळ घेऊन बियाणं थोडं वाढवणं बरोबर.

बी किती खोल पेरायचं याबद्दल मात्र कुणीच बोललेलं नाही! ३ ते ५ सेंमी पुरे. सोयाबीनचा कोंब दाण्याच्या दोन्ही डाळी डोक्यावर घेऊनच वर येतो. बी खोल पडलं आणि पावसानंतर मातीने पापडी धरली की कोंबाची मानच मोडते. आणि हो, बियाचं टरफल फार नाजूक असतं, पोती आपटू नका. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ७० पेक्षा कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणं खुशाल वाढवा.