मदत हवी आहे: फार्म जॅकने बॉडी वर येते, चाक चिखलातच राहतं

मंडळी, जाणकारांनी जरा डोकं लावा. गाडी लॅडर फ्रेमवाली फोर बाय फोर, मागे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा अखंड दांडा) आणि कॉइल स्प्रिंग, दोन्हीकडे स्टीलचे बंपर. जॅक ४८ इंची फार्म जॅक, हाय-लिफ्ट टाइपचा, म्हणजे हँडल मारलं की उभ्या दांड्यावर टप्प्याटप्प्याने चढणारा. मागचं चाक खोल चरात बसलं की जॅक बंपरला लावून हँडल मारत बसतो, बंपर येतो वर, टायर आणि फेंडरमधली गॅप वाढत जाते पण टायर जागचा हलत नाही. सस्पेन्शन पूर्ण लटकेपर्यंत जॅक जवळपास शेंड्याला पोचलेला असतो आणि टायर दोन बोटं सुटतो तेव्हा गाडी अशी डुलत असते की जवळ जाऊन खाली फळी सरकवायचं धाडस होत नाही.

अ‍ॅक्सल चासीला पट्ट्याने बांधून मग उचलायचं असं ऐकलंय. सामान बांधायचा साधा रॅचेट पट्टा चालेल का? आणि खाली घेताना चढ-उताराची दिशा बदलणारा लिव्हर पाडला तरी जॅक उतरत नाही, मध्येच पिन अडकते, आणि उतरायला लागला की हँडल हातातून वर उसळी मारतं, हे नॉर्मल आहे का जॅक गेला? हँडब्रेक, फोर-लो (चारही चाकांचा हळू, ताकदीचा गिअर), बाकी चाकांना उटी (अडसर), जॅकच्या बुडाखाली जाड फळी हे सगळं करतो, त्यामुळे तो उपदेश नको. विंच (दोराने गाडी ओढणारं यंत्र) घ्या असंही नको प्लीज.

प्रतिसाद १
सामानाचा पट्टा अजिबात नको. लोकांना वाटतं पट्ट्यावर फक्त अ‍ॅक्सलचं वजन येतं, तसं नाहीये. दबलेली स्प्रिंग अ‍ॅक्सलला खाली ढकलत असते, म्हणजे दोन टनाच्या गाडीत एका कोपऱ्याला साधारण पाचशे किलोचा ताण धरा, आणि बंपर मधोमध उचलला तर दोन्ही बाजूंचा मिळून टनभर. जाड, रेटिंग लिहिलेला पट्टा घ्या, गाडी उचलायच्या आधीच बांधा, ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर त्यात दाबली जाणार नाही एवढं बघा. सोडायचा तो चाक टेकून वजन परत स्प्रिंगवर आल्यावरच.

पण मी म्हणेन चाकात अडकवायचे हुक घ्या. बॉडी उचलायचीच नाही, थेट चाक उचलायचं. जॅक खालीच राहतो, डुलणंही कमी. रिमला हुक जातील एवढ्या फटी पाहिजेत आणि अलॉयवर ओरखडे येणार, ते आलेच.

प्रतिसाद २
जॅक गेलेला नाही हो, मळलाय. चढणाऱ्या पिना आणि त्यांच्या छोट्या स्प्रिंगमध्ये माती सुकली की असंच होतं. पाण्याने खळखळून धुवा, सुकवा, पातळ तेल मारा, ग्रीस नको, त्याला वाळू चिकटते.

हँडल उसळणं हा त्याचा स्वभावच आहे. उतरताना गाडीचं वजन हँडलला वर ढकलतं, अर्ध्यात सोडलंत तर ते आपोआप खालीवर आपटत सुटतं आणि जबडा फोडतं. लिव्हर पाडताना हँडल दांड्याला सरळ टेकलेलं हवं, मग दोन्ही हातांनी घट्ट, पूर्ण स्ट्रोक, डोकं हँडलच्या वाटेच्या बाहेर. आणि वजन नसताना हा एकेक टप्पा उतरत नाही, धाडकन खाली घसरतो, बोटं सांभाळा.

धागाकर्ता
पाचशे किलोचं डोक्यातच आलं नव्हतं राव. हुकच घेतो मग. पण जॅक टायरला चिकटून उभा राहणार, तर फळी कुठून सरकवू?

प्रतिसाद १
ज्या दिशेने बाहेर काढणार त्या बाजूने, आणि हाताने नाही, फावड्याच्या दांड्याने ढकला. आधी दगड टाकून खड्डा भरून घ्या, नाहीतर फळीसकट परत बसेल. मग चाक टेकवा, हुक आणि जॅक काढून बाजूला ठेवा आणि त्यानंतरच गाडी हलवा.