उन्हाळ्यातला जमिनीलगतचा ओझोन : स्वेच्छेने काय करता येईल?

पर्वरीकर (प्रश्न)
नमस्कार. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत असा ठराव आला आहे की, मार्च ते मे या तीन महिन्यांत दर रविवारी कोणीही दुचाकी किंवा चारचाकी बाहेर काढू नये, म्हणजे ओझोनचे प्रदूषण कमी होईल. हेतू चांगला आहे, त्यामुळे विरोध करण्याचे कारण दिसत नाही. परंतु वर आकाशात आपले रक्षण करणारा ओझोन खाली आला की अपायकारक कसा ठरतो आणि एका संस्थेने रविवारी गाड्या बंद ठेवल्याने त्यात खरोखर काही फरक पडतो का, याचे उत्तर बैठकीत कोणालाच देता आले नाही. शेजारच्या दोन-तीन संस्थाही सामील होण्यास तयार आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रसायनवाली (फोंडा)
ओझोनचा रेणू वर-खाली एकच असतो. फरक इतकाच की खालचा ओझोन आपण श्वासावाटे आत घेतो आणि तो फुफ्फुसांच्या नळ्यांना इजा करतो. दमा असलेल्यांना त्याचा त्रास अधिक. तो कोणत्याही सायलेन्सरमधून थेट बाहेर पडत नाही. इंजिनांतून व जनरेटरांतून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पेट्रोल, थिनर, रंग यांची वाफ कडक उन्हात एकत्र आली की तो हवेतच तयार होतो. त्यामुळे सकाळच्या रहदारीचा धूर दुपारी एक ते चारच्या दरम्यान ओझोनच्या रूपाने समोर येतो. आपल्याकडे त्यातच समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याची भर पडते: पणजी-म्हापशाकडचे मिश्रण दुपारपर्यंत आत डिचोली-फोंड्याच्या दिशेने सरकू शकते, आणि म्हणूनच हा विषय एका संस्थेचा न राहता दोन-तीन तालुक्यांचा होतो.

आपल्या ठरावातील रविवारची निवड मात्र मला चुकीची वाटते. रविवारी रहदारी मुळातच कमी असते. शिवाय दाट रहदारीच्या शहरी भागात गाड्यांचा नायट्रिक ऑक्साइड (वर सांगितलेल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांपैकीच एक) तयार झालेल्या ओझोनला खाऊनही टाकतो, त्यामुळे गाड्या घटल्या तरी वाफा तशाच राहिल्या तर ओझोन कमी न होता वाढण्याची शक्यता असते. अनेक शहरांत आठवड्याच्या सुट्टीला हे दिसून आले आहे, आणि 2020 च्या टाळेबंदीत देशातील काही शहरांतही ओझोन वाढल्याची नोंद आहे. तेव्हा गाड्या कमी करायच्या तर कामाच्या दिवशी, सकाळच्या, आणि त्यासोबत वाफांवरही लक्ष हवे.

मडगावचा प्रवासी
रसायनवालींचे म्हणणे पटते. नोकरीनिमित्त मी काही वर्षे टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे राहिलो, तिथल्या अनुभवावर थोडे लिहितो. 2002 च्या सुमारास अमेरिकेत काही प्रदेशांनी सरकारशी करार केला, की आम्ही कायद्याच्या मुदतीआधी स्वतःहून उपाय करू आणि 2007 अखेरपर्यंत ओझोनचे मानक, म्हणजे हवेत तो किती असलेला चालेल याची मर्यादा, गाठू. त्या बदल्यात ‘मानक न गाठलेला प्रदेश’ हा शिक्का व त्यामागून येणारी बंधने लांबणीवर टाकावीत. असा शिक्का लांबणीवर पडलेल्या चौदा प्रदेशांपैकी तेरांनी मानक गाठले, डेन्व्हरला ते जमले नाही. सॅन अँटोनियो त्या तेरांत होते. अर्थात सगळे श्रेय स्वेच्छेला देणे योग्य नाही, कारण त्याच काळात वाहनांचे व वीज केंद्रांचे देशव्यापी नियमही कडक होत होते. पुढे 2015 मध्ये मानक अधिक कडक झाले आणि 2018 मध्ये त्या शहराच्या जिल्ह्यावर तो शिक्का बसलाच.

नागरिकांसाठीचा भाग साधा होता. दुसऱ्या दिवशी ओझोन वाढेल असा अंदाज आला की आदल्या दिवशीच सूचना मिळे: पेट्रोल सूर्यास्तानंतर भरा, टाकी काठोकाठ भरू नका, पेट्रोलवर चालणारे गवत कापण्याचे यंत्र आज वापरू नका, चार कामे एकाच फेरीत उरका. माझ्या पाहण्यात अशा दिवशी गाडी घरी ठेवणारे थोडेच असत. वेळ बदलण्याची सूचना मात्र लोक सहज पाळत, कारण तिच्यासाठी काही सोडावे लागत नसे.

रंगाचे दुकान (म्हापसा)
माझ्या धंद्याशी संबंधित भाग सांगतो. आपल्याकडे घरे रंगवण्याची मोठी घाई चवथीआधी असते, पण तेव्हा आभाळ भरलेले असल्याने ओझोन फारसा तयार होत नसावा. खरी अडचण डिसेंबरात नाताळाआधी आणि एप्रिल-मेमध्ये लग्नघरांत येते. भिंतींना लावायचे इमल्शन पाण्यात मिसळते, त्यामुळे त्याची वाफ कमी. खिडक्यांचे गज आणि दारे यांना लागणारा ऑइल पेंट मात्र थिनरवर चालतो. रंगारी थिनरचा डबा दिवसभर उघडा ठेवतात, हे तर मी रोज पाहतो. झाकण लावायला सांगणे फुकट आहे, आणि थिनरही वाचतो. बाहेरच्या लोखंडी गेटसाठी पाण्यावर आधारित इनॅमल मिळते. महाग आहे, तरी संस्थेने एकत्र खरेदी केल्यास भाव कमी करून देता येईल. (जाहिरात समजू नये, कोणाकडूनही घ्या.)

पर्वरीकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारचा ठराव मागे घेऊन त्याऐवजी कामाच्या दिवशी सकाळी पणजीला जाणाऱ्यांनी कदंबाच्या बसने किंवा एका गाडीत चौघांनी जावे, पेट्रोल रात्री भरावे आणि उन्हाळ्यात संस्थेचे ऑइल पेंटचे काम काढू नये, असा मसुदा मांडतो. परिणाम मोजण्यासाठी कोणता आकडा पाहावा?

रसायनवाली (फोंडा)
हवेच्या गुणवत्तेचा एकत्रित निर्देशांक पाहू नका. तो त्या वेळच्या सर्वांत वाईट प्रदूषकावरून ठरतो, आणि आपल्याकडे तो बहुधा धुळीचा असल्याने ओझोन त्यामागे झाकून जातो. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ओझोनचे तासागणिक आकडे लेखी मागा आणि दुपारचे आठ तास वेगळे काढा. आपले राष्ट्रीय मानक आठ तासांच्या सरासरीसाठी घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम आणि एका तासासाठी 180 आहे. एका उन्हाळ्याच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नका. एप्रिलमध्ये चार दिवस ढग आले तरी आकडा खाली येतो, आणि मग श्रेय कोणाचे यावर बैठकीत पुन्हा वाद होईल.